पहिलीच्या शनिवार गटाच्या प्रकल्प नोंदी : तराजू, कैची आणि सावली (पुणे, २०२४-२५)

२२ जून २०२४, शनिवार

शाळा १५ जूनला सुरू झाली आणि आठवड्याभरातच पहिलीच्या वर्गशिक्षिकांकडून ‘विशेष हुशार’ अशा सात मुलांची यादी माझ्या हाती आली. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ११ ते १ या वेळेत या मुलांना ‘काहीतरी हातांनी करण्याचे’ काम द्यावे, अशी मुख्याध्यापकांची अपेक्षा आहे. या वहीत मुलांची नावे मी बदलून लिहिणार आहे.

यादीबद्दल एक शंका आधीच नोंदवते. सातही मुलांचे अक्षर सुरेख आहे, सातही जण विचारल्याबरोबर उत्तर देतात आणि सातही जणांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे. हुशारी आणि नीटनेटकेपणा यांची गल्लत शिक्षकांकडून फार लवकर होते. जोसेफ रेन्झुली या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ मध्ये मांडले की सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, ही तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रज्ञा दिसते. आमच्या यादीत पहिले वर्तुळ नक्की आहे. दुसऱ्या दोन वर्तुळांचे काय, हे मुलांना काम दिल्याशिवाय कळणार नाही.

प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचा विचार पुण्याला नवा नाही, कारण डॉ. वि. वि. पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती याच कामासाठी. मात्र सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम करताना मला आधार वाटतो तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी खडे, बिया, पाने आणि शिंपले हेच शैक्षणिक साहित्य मानले. त्यामुळे या वर्षी विकतचा एकही ‘सायन्स किट’ आणायचा नाही, असे मी ठरवले आहे.

६ जुलै

पहिला प्रकल्प तराजूचा आहे. साहित्य म्हणजे चार करवंट्या, सुतळी, दोन लाकडी फूटपट्ट्या आणि वजने म्हणून पिशवीभर चिंचोके. करवंट्यांना तीन-तीन भोके मी घरूनच पाडून आणली होती. तासाभरात तराजू टांगून होईल आणि उरलेल्या वेळात वस्तू तोलता येतील, असा माझा अंदाज होता.

पूर्ण दोन तास गाठीत गेले. सातांपैकी एकालाही सुतळीला गाठ मारता येत नव्हती. सोहम तीन अंकी संख्यांचा गुणाकार तोंडी करतो, पण सुतळीचे टोक फासातून ओढताना ते चौथ्यांदा निसटले तेव्हा त्याने सुतळी भिंतीवर फेकली आणि ‘हे बोअर आहे’ असे म्हणून तो कोपऱ्यात जाऊन बसला. थोड्या वेळाने पाहिले तर तो तोंड लपवून रडत होता. ज्या मुलाला सगळे पहिल्या झटक्यात येते, त्याच्या आयुष्यात ‘प्रयत्न केला तरी येत नाही’ हा अनुभव सहाव्या वर्षापर्यंत आलेलाच नसतो. डोके नऊ वर्षांचे आणि बोटे सहा वर्षांची, अशी ही विषम वाढ आहे आणि तिचा त्रास मुलाला स्वतःलाच सर्वांत जास्त होतो. मी त्याची समजूत घातली नाही. त्याच्या शेजारी बसून मीही एक गाठ मुद्दाम सावकाश मारत राहिले. एकच्या सुमारास त्याने एक गाठ मारली. ती सैल होती, पण तिने करवंटी पेलली.

१३ जुलै

आज तराजू टांगले गेले आणि दोन्ही वाकडेच लटकले. एकाच नारळाच्या दोन करवंट्या सारख्या वजनाच्या नसतात, डोळ्यांकडची बाजू वेगळी निघते, हे मला माहीत असूनही मी सांगितले नव्हते. मृण्मयी म्हणाली, “मोडकाय.” ईराने फूटपट्टीवरची दोरी थोडी सरकवून पाहिली, पण मग दुसरीकडची बाजू खाली गेली. शेवटी फैजानने हलक्या पारड्याच्या तळाला ओल्या मातीचा गोळा चिकटवला आणि त्यातली चिमूट-चिमूट माती काढत तो दांडी आडवी होईपर्यंत थांबला.

त्या गोळ्याला आपल्या भाषेत शब्द आहे, तो म्हणजे पासंग. वाण्याच्या तराजूच्या हलक्या बाजूला बांधलेला दगडाचा किंवा शिशाचा तुकडा म्हणजे पासंग. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे आपण रोज म्हणतो आणि पासंग कधी पाहिलेला नसतो. मुलांना शब्द इतका आवडला की दिवसभर सगळे एकमेकांना पासंग म्हणत होते.

नंतर तोलणे झाले. तोलण्याआधी अंदाज सांगून तो पाटीवर लिहायचाच, हा नियम केला. अंदाज चुकला तर तो पुसायचा नाही, हा दुसरा नियम, आणि त्याला मोठा विरोध झाला. अन्वयने पाटी दोनदा गुपचूप पुसली. लिंबाचे वजन ५२ चिंचोके भरले. सायकलच्या दुकानातून आणलेले दहा पोलादी छर्रे गौरीने कोणी सांगितले नसताना तोलले आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवले.

सोनारांच्या जुन्या वजनांबद्दल थोडे सांगितले. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. गुंजा बघायला द्या, असा आग्रह झाला, पण गुंजेचे बी विषारी असल्यामुळे पहिलीच्या वर्गात ते आणायचे नाही हे माझे पक्के आहे. फोटो दाखवला.

२० जुलै

आजचा दिवस नीट लिहून ठेवते. मागच्या शनिवारचे लिंबू खिडकीत तसेच होते. सोहमने ते पुन्हा तोलले आणि ४७ चिंचोके भरले.

त्याचा पहिला उद्गार होता, “मागच्या वेळी चुकलं होतं.” पाच जणांनी ते मान्य केले. हुशार मुले विसंगती दिसली की ती चूक ठरवून लगेच निकालात काढतात, कारण चूक म्हटले की विचार संपतो आणि पुढे जाता येते. मी काहीच बोलले नाही. ईराने लिंबू हातात घेतले, दाबले आणि म्हणाली, “हे सुकलंय. आजीकडे पण सुकतं.” त्यावर मृण्मयीने शंका काढली ती माझ्या मनात आली नव्हती. पावसामुळे चिंचोकेच ओले होऊन जड झाले असतील तर? तसे असेल तर लिंबू तेवढेच राहूनही चिंचोके कमी लागतील.

दोन्ही म्हणणी एकाच आकड्यावर येऊन थांबली आणि खोलीत शांतता पसरली. आता ठरवायचे कसे, हा प्रश्न मी विचारला नाही, त्यांनीच एकमेकांना विचारला. मग गौरीला तिचे छर्रे आठवले. पोलाद सुकत नाही आणि पाणी पीत नाही. ते दहा छर्रे आजच्या चिंचोक्यांनी पुन्हा तोलायचे. वहीतला आकडा आणि आजचा आकडा एकच आला तर चिंचोके बदललेले नाहीत.

आकडा तोच आला. लिंबूच सुकले होते.

ही पडताळणी मी ठरवून आणू शकले नसते. ती शक्य झाली ती गौरीच्या एका ओळीमुळे. आजपासून प्रत्येकाने स्वतःची नोंदवही ठेवायची, असे ठरले. लिहिणे जड जाणाऱ्यांनी चित्र काढावे. अन्वयने विचारले, “अंदाज चुकला तर तोही लिहायचा?” त्याला गौरीने परस्पर उत्तर दिले की तोच लिहायचा.

१० ऑगस्ट

दुसरा प्रकल्प काड्यांचा. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या यांतून रचना करण्याची जी युक्ती घडली, ती पुढे त्यांच्या आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र केंद्रातील कामामुळे पुण्यातल्या अनेक शिक्षकांपर्यंत पोहोचली. ट्यूबचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा हा सांधा आणि काडी ही बाजू. मी गूल नसलेल्या काड्या घेतल्या. त्रिकोण केला तर तो दाबूनही हलत नाही आणि चौकोन केला तर तो कलंडून चपटा होतो, हे पंधरा मिनिटांत सगळ्यांना कळले. तीन पावसाळी शनिवार पूल बांधण्यात गेले. फार लिहिण्यासारखे नाही.

३१ ऑगस्ट

लिहिण्यासारखे आज घडले. दोन बाकांच्या फटीवर चौकोनांचा लांबलचक पूल उभा करण्याचा सोहम आणि अन्वय यांचा प्रयत्न चालला होता आणि पूल दर वेळी एका अंगाला झोपत होता. खिडकीच्या गजांना धरून बाहेर एक मुलगा उभा होता. तो म्हणाला, “कैची टाका की.”

कैची म्हणजे कात्री, असे समजून सोहमने त्याला हसून घेतले. तो मुलगा आत आला आणि त्याने एक लांब काडी चौकोनात तिरपी बसवली. पूल उभा राहिला. छताखाली लाकडाचा किंवा लोखंडाचा जो तिरप्या तुकड्यांचा सांगाडा असतो त्याला बांधकामावर कैची म्हणतात, हा अर्थ खोलीत त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता. मलाही कैची ऐकून माहीत होती, पण तो शब्द काड्यांच्या चौकोनाला लावण्याचे सुचले नव्हते.

त्याला इथे बसवराज म्हणते. तो पहिलीच्याच दुसऱ्या तुकडीत आहे. त्याचे वडील आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीचे काम करणारे गवंडी असून कुटुंब कलबुर्गीकडचे आहे. घरी कन्नड बोलतात. वडिलांचे काम सुटेपर्यंत तो शनिवारी अंगणात थांबतो. त्याच्या वर्गशिक्षिकेने त्याच्या प्रगतिपुस्तकाच्या कच्च्या नोंदीत ‘मराठी वाचन अगदी कमी, लक्ष नाही’ असे लिहिले आहे.

मी मुख्याध्यापकांकडे जाऊन गट आठ मुलांचा केला. यादीबाहेरचे मूल कोणत्या निकषावर घेतले, असे विचारण्यात आले. मी पूल दाखवला.

१४ सप्टेंबर

गणेशोत्सव चालू आहे. शेजारच्या मंडळाच्या परवानगीने मुलांना मांडव मागच्या बाजूने दाखवला. पुढून पाहिले तर राजवाडा, मागून पाहिले तर बांबू, सुंभ आणि तिरपे आधार. मुलांनी तिरपे बांबू मोजले आणि बसवराजने कुठला बांबू काढला तर काय पडेल, हे प्रत्येकाबद्दल सांगितले. मांडववाल्या काकांनी त्याचे निम्मे मान्य केले आणि निम्मे दुरुस्त केले. ते दुरुस्त करत होते तेव्हा बसवराजच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच वर्गात बसल्यासारखे भाव होते.

१९ ऑक्टोबर

तिसरा प्रकल्प सावलीचा, आणि तो मेपर्यंत चालेल. पावसाळ्यात त्याला हात घालता येत नाही.

वाळू भरलेल्या बाटलीत ५० सेंटिमीटर उंचीची काठी रोवून ती अंगणातल्या शहाबादी फरशीवर ठेवली. काठी उभी आहे हे कसे ठरवायचे, यावर वाद झाला. चार जण चार बाजूंनी डोळा मिटून बघत होते आणि चौघांचे चार निकाल येत होते. बसवराज मागच्या भिंतीकडे पळाला आणि वडिलांचा ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) घेऊन आला. पाठोपाठ वडीलही आले, कारण ओळंबा न विचारता उचलला होता. मी त्यांना म्हटले, “दहा मिनिटं राहू द्या, भाऊ, मुलांना काठी सरळ करायची आहे.” त्यांनी स्वतः वाकून ओळंब्याची दोरी काठीला दोन बाजूंनी लावली, बाटलीखाली खडूचा तुकडा सरकवला आणि ‘आता बघा’ म्हणून ते परत गेले.

सूर्याकडे बघायचे नाही, फक्त जमिनीकडे बघायचे, हा नियम तीनदा सांगितला.

‘१२ वाजता सावली सर्वांत लहान असते,’ हे सोहमला पुस्तकातून माहीत होते. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करून दोरीने लांबी मोजायची, अशी माझी योजना होती आणि ती फसली. १२ ते १२.४० या वेळेतल्या लांब्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढाही फरक पडत नव्हता. आठ मुले आठ दोऱ्या ताणत होती, प्रत्येकाची ‘सर्वांत लहान’ सावली वेगळी होती आणि आवाज चढत होते.

सुदैवाने ११.२० ची खूण फरशीवर ठळक राहिली होती. मग मी जुनी रीत काढली. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिशा ठरवण्यासाठी शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, हीच रीत दिली आहे. काठीच्या बुडाशी दोरीचे एक टोक धरून ११.२० च्या खुणेतून जाणारे वर्तुळ आखायचे आणि दुपारी सावलीचे टोक त्या वर्तुळाला पुन्हा कधी शिवते, याची वाट पाहायची. एक वाजला. फाटकाशी पालक उभे राहिले. एक बाबा आत येऊन ‘क्लास आहे पुढे’ असे म्हणाले, तेव्हा गौरीने त्यांना सांगितले, “बाबा, सावली अजून पोचली नाहीये.” ते थांबले. १.२० च्या सुमारास टोक वर्तुळाला लागले तेव्हा मुलांबरोबर सहा-सात मोठी माणसेही उकिडवी बसून जमिनीकडे बघत होती.

दोन खुणांमध्ये दोरी ताणली, ती दुमडून मध्य काढला आणि काठीच्या बुडापासून त्या मध्यावरून रेषा ओढली. ती उत्तर-दक्षिण रेषा. ११.२० आणि १.२० यांच्या मधोमध येतात १२.२०, म्हणजे बारा नव्हेत. सोहमने घड्याळ चुकीचे आहे असे जाहीर केले.

घड्याळ बरोबर आहे. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते, पुणे ७३.८५ अंशांजवळ आहे आणि प्रत्येक अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्याकडे सुमारे ३५ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. मग १२.३५ का नाही? पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तो जवळजवळ १५ मिनिटे पुढे असतो. यातले रेखांशाचे कारण मी संत्र्यावर टाचण्या लावून सांगितले. दुसरे सांगितले नाही. ते मुलांना दिसू दे.

रेषा तेलरंगाने पक्की केली. यापुढे लांबी मोजत बसायचे नाही. सावली रेषेवर पडली की वेळ बघायची आणि तेवढ्याच लांबीची रंगीत कागदाची पट्टी कापायची.

१६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतरची पट्टी ३८ सेंटिमीटरची झाली. ऑक्टोबरची २७ होती. वेळ १२.२० च आली. दोन्ही पट्ट्या व्हरांड्याच्या भिंतीवर शेजारी-शेजारी लावल्या. पट्टी ही सावलीच्या खऱ्या लांबीची असल्यामुळे आलेख म्हणजे काय, हे समजावण्याची गरज पडली नाही.

२१ डिसेंबर

पट्टी ४५ सेंटिमीटर, वेळ १२.३३. आज वर्षातला सर्वांत लहान दिवस. सूर्य १३ मिनिटे ‘उशिरा आला’ हे मुलांनी माझ्याआधी पकडले. काठी हलली असेल, असा सोहमचा पहिला तर्क होता, पण या वेळी तो निकाल देऊन थांबला नाही. त्याने स्वतः ओळंबा मागून आणला आणि लावून बघितला. काठी सरळ होती. त्याने वहीत लिहिले : ‘काठी सरळ. घड्याळ बरोबर. तरी उशीर.’ या तीन वाक्यांसाठी मी जूनपासून थांबले होते.

११ जानेवारी २०२५

प्रत्येकाने स्वतःचा प्रश्न घेऊन छोटा प्रकल्प करायचा, असे डिसेंबरात ठरले होते. रेन्झुलीच्या १९७७ च्या आराखड्यात ओळख, कौशल्ये आणि मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाचा शोध असे तीन प्रकार आहेत. बहुतेक शाळा दुसऱ्या प्रकारापाशी थांबतात, कारण तिसऱ्यात शिक्षकाला उत्तर माहीत नसते.

आज अन्वय थर्मोकोलची झगझगीत सूर्यमाला घेऊन आला. गोळे दुकानातले, रंगकाम वडिलांचे, तारा आईच्या. यात तू काय केलेस, असे विचारल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, “मी प्लुटो चिकटवला. पण तो ग्रह नाहीये, मी बाबांना सांगितलं होतं.” २००६ मध्ये प्लुटोचे ग्रहपद गेले, हे या घरात ज्याला माहीत होते त्यालाच गोंद लावण्यापुरते ठेवले होते. पालकांना रागावण्यात अर्थ नाही, कारण ‘प्रकल्प’ म्हणजे प्रदर्शनात ठेवण्याची वस्तू, असे आपणच त्यांना अनेक वर्षे शिकवले आहे. मी अन्वयला विचारले की तुला खरेच काय जाणून घ्यायचे आहे. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, “खोडरबर झिजतो तो कुठे जातो?”

२५ जानेवारी

ईराने आजीचे शब्द गोळा करण्याचे काम घेतले आहे. फडताळ, कोनाडा, सांडशी, उखळ, अडकित्ता. प्रत्येक शब्दाची वस्तू शोधायची, तिला हात लावायचा आणि चित्र काढायचे, एवढीच अट तिने स्वतः घातली. आज तिने आजीचा पितळी अडकित्ता आणला (पाते दोरीने बांधून). बसवराजने तो पाहिला आणि म्हणाला, “आमच्यात सुपारीला अडिके म्हणतात.”

ईरा दोन मिनिटे ‘अडिके, अडकित्ता’ असे पुटपुटत राहिली. मग दोघांनी एकत्र काम करायचे ठरवले. त्यांनी तूप आणि तुप्प, अण्णा आणि अक्का असे शब्द शोधले. ज्या मुलाच्या मराठी वाचनावर शेरा होता, त्याच्याकडे आता एक चिठ्ठ्यांचा डबा आहे आणि त्यावर तो देवनागरीत शब्द लिहितो, कारण ईराला कन्नड लिपी वाचता येत नाही. अक्षर वाईट आहे. दोन चिठ्ठ्यांवर ‘ण’ उलटा आहे. मी सुधारला नाही.

१५ फेब्रुवारी

सावलीची पट्टी ३० सेंटिमीटर, वेळ १२.४९. जानेवारीतली पट्टी साडेचाळीस होती. पट्ट्यांचा डोंगर आता उतरू लागला आहे, पण वेळ मात्र पुढेच सरकत होती, हे कोडे भिंतीवर लिहून ठेवले आहे.

अन्वयच्या खोडरबराला पाच आठवडे झाले. खोडताना पडलेला प्रत्येक भुगा तो डबीत भरतो आणि तराजूवर तोलतो. चिंचोका त्याला फार जड पडतो म्हणून त्याने मोहरीची वजने केली आणि एका चिंचोक्याला किती मोहऱ्या लागतात ते आधी मोजून घेतले. खोडरबराने चार चिंचोके वजन गमावले. डबीतला भुगा तीन चिंचोके आणि थोड्या मोहऱ्या एवढा भरला. उरलेला भाग कुठे आहे, यावर त्याचे म्हणणे असे की तो वर्गाच्या केरात आहे आणि थोडा त्याच्या बाहीवर. त्याच डबीत पेन्सिलीच्या खुणांची काळी भुकटीदेखील आलेली असणार, म्हणजे भुगा खरे तर जास्त भरायला हवा होता, हे मृण्मयीने दाखवून दिले. अन्वय चिडला नाही. त्याने ते लिहून घेतले. वहीच्या त्या पानावर त्याचे चार चुकलेले अंदाज आहेत आणि एकही पुसलेला नाही.

२२ मार्च

पट्टी १६ सेंटिमीटर, वेळ १२.४२. पहिल्यांदाच वेळ मागे फिरली. परीक्षेची गडबड सुरू झाल्यामुळे आज फक्त पट्टी लावली. फैजानचा ‘शाळेचा वासांचा नकाशा’ पूर्ण झाला. त्यात संगणक खोलीला त्याने ‘गरम प्लास्टिक’ आणि शिक्षक खोलीला ‘चहा आणि जुने कागद’ असे लिहिले आहे.

१२ एप्रिल

पट्टी साडेआठ सेंटिमीटर, वेळ १२.३५. पट्टी आता वीतभरही राहिली नाही. भिंतीवर सात पट्ट्या आहेत आणि आठवीची जागा मुलांनी मोकळी सोडली आहे. ती किती लांब असेल, याचा अंदाज प्रत्येकाने मोकळ्या जागेखाली लिहिला. गौरीने शून्य लिहिले. बसवराजने लिहिले, ‘सावली काठीच्या आत जाईल.’

२६ एप्रिल

परीक्षा काल संपल्या. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास १२.३० नंतर सूर्य बरोबर डोक्यावर येईल आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होईल. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सगळ्या महाराष्ट्राला असे वर्षातून दोन दिवस मिळतात. दुसरा पुण्यात जुलैच्या अखेरीस येतो आणि तो बहुधा ढगांत जातो.

अडचण एवढीच की तेव्हा सुट्टी आहे आणि आठातली पाच मुले गावी जाणार आहेत. हे मला अडचण वाटत होते, मुलांना वाटले नाही. सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो, म्हणजे दक्षिणेकडच्या गावाची सावली आधी जाईल, हे पट्ट्यांवरून त्यांनीच सांगितले. मग नकाशा काढला. ईरा मामाकडे कोल्हापूरला जाणार आहे, तिथे ६ मेच्या सुमारास. बसवराजच्या गावाकडे, कलबुर्गीजवळ, ९ मेच्या सुमारास. फैजान नागपूरला, तिथे २६ मेच्या सुमारास. नागपूर बरेच पूर्वेला असल्यामुळे तिथे सावली १२.११ च्या आसपासच नाहीशी होईल. सोहमने दिल्लीला कधी, असे विचारले. दिल्लीला कधीच नाही, हे ऐकून त्याला दिल्लीची कीव आली.

प्रत्येकाला वाळूची रिकामी बाटली, काठी आणि दोरी दिली. वाळू गावात मिळेल. ओळंब्याचे काय, असा प्रश्न आला तेव्हा सोहमने सुतळीला एक पोलादी नट बांधून दाखवला. गाठ त्याने दोनदा ओढून तपासली. मग तो सगळ्यांसाठी आठ ओळंबे करत बसला आणि एक वाजून गेला तरी उठला नाही.

भिंतीवरची आठवी जागा मोकळीच ठेवली आहे. तिथे कागदाची पट्टी लावायची नाही, तर ज्याची सावली ज्या दिवशी जाईल त्याने गावाचे नाव आणि वेळ लिहून पोस्टकार्ड टाकायचे आणि ते तिथे चिकटवायचे, असे ठरले. पोस्टकार्ड म्हणजे काय, हे आता पुढच्या वीस मिनिटांत सांगावे लागले.